सरपंचाला इतिहास किती लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचे नवे सरपंच विचारतात, "मागचं माहीत असलं तर आजच्या पुढाऱ्याला खरंच उपयोग होतो का? इतिहासावर भाषणं सगळेच करतात. कारभारात तो कुठं लागतो? लागत असेल तर सुरुवात कुठून करू?"

उपयोग होतो. पण भाषणातला इतिहास आणि कारभारातला इतिहास हे एकाच आडनावाचे दोन वेगळे गृहस्थ आहेत. पहिला सगळ्यांच्या ओळखीचा. दुसरा ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, भूमी अभिलेखच्या गठ्ठ्यात, नाहीतर घाटाच्या पायरीवर भेटतो. तुमचं काम या दुसऱ्याशी आहे. गाव नदीकाठचं, तेव्हा पुरापासूनच धरू.

सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात. 2005 साली पाणी सुमारे 54 फुटांपर्यंत चढलं. पुढची चौदा वर्षं 'पाचचा पूर' हेच काठावरच्या माणसांचं माप होऊन बसलं. जागा घेताना, जोतं उचलताना, गोठा कुठं घालायचा ते ठरवताना प्रश्न एकच: पाचला कुठवर आलं होतं? ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. 'पाचला आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं' या हिशेबावर अनेक घरांनी सामान माळ्यावर टाकलं आणि माणसं घरातच थांबली. पाण्यानं वेढल्यावर बाहेर पडणं कसं महागात पडतं, ते 8 ऑगस्टला ब्रह्मनाळची बोट उलटली तेव्हा सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चोपन्न-पंचावन्न फुटांच्या आसपास आलं.

या लोकांना इतिहास ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू नये. चांगला ठाऊक होता, पायरीनिशी. चूक झाली ती वापरण्यात. मागचा सर्वांत मोठा पूर म्हणजे आपण पाहिलेल्यांतला मोठा, एवढाच त्याचा अर्थ. नदीनं काही तिथं हद्द आखून दिलेली नाही. कोयनेचंही तेच. दख्खनचा हा खडक शांत, इथं मोठा भूकंप होत नाही, असं धरून चाललेलं असताना 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर जमीनदोस्त झालं. 'नोंद नाही' आणि 'घडत नाही' यांत फार अंतर असतं.

पूररेषेच्या आकड्यांचाही असाच घोळ होतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यावरून 'आत्ताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत' असं सर्रास ऐकू येतं. तसं नसतं. निळ्या रेषेइतका पूर येण्याची शक्यता दर वर्षी 4 टक्के, आदल्या वर्षी आलेला असला तरी तेवढीच. तीस वर्षं टिकणारं घर त्या रेषेवर बांधलं, तर त्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता 70 टक्क्यांवर जाते. लाल रेषेवर ती 26 टक्क्यांच्या आसपास. ग्रामसभेत रेषांचे रंग सांगत बसू नका, हे दोन आकडे सांगा. लोकांना ते लगेच कळतात.

आता तुमच्या गावाचं माप. आयर्विनचा आकडा सांगलीचा आहे. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. वारणेला फुगवटा असला की सांगलीत पाणी तुंबतं, पण वरच्या अंगाला तेवढंच चढेल असं नाही. म्हणून पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पूरपत्रकात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली असे वेगवेगळे आकडे येतात. त्यांतला तुमच्या वरच्या अंगाचा सर्वांत जवळचा पूल निवडा. मग पावसाळ्यात गावच्या घाटाची कोणती पायरी किती वाजता बुडाली आणि त्याच तासाला त्या पुलावर किती फूट होतं, अशा जोड्या एका वहीत लिहीत चला. आठ-दहा जोड्या झाल्या की 'बहे पुलावर इतकं झालं की आपल्या शाळेच्या मैदानात पाणी येतं' असं छातीठोकपणे सांगता येतं. चढतं पाणी आणि उतरतं पाणी यांचे रकाने वेगळे ठेवा. एकाच आकड्याला दोन्ही वेळा पाणी एकाच जागी असेल, असं नसतं.

जुन्या पुरांच्या खुणा घ्यायच्या त्या मे महिन्यात, भिंती कोरड्या असताना. इथं सगळ्यात जास्त फसगत ओलीनं होते. विटांच्या आणि मातीच्या भिंतीत पाणी वर शोषलं जातं, त्यामुळं ओलीचा डाग खऱ्या पातळीपेक्षा फूटभर, कधी त्याहून वर दिसतो. डागावरून मोजू नका. काचेवर, लोखंडी दारावर, फरशीवर, लाकडी कपाटाच्या आतल्या अंगाला गाळाची जी बारीक रेघ उरते ती धरा. एका गल्लीत किमान पाच घरांत रेघ मिळाली, तरच ती पातळी पक्की समजा. एखाद्या घरात ती दोन-तीन इंच वर असेल तर बोटीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या लाटेची असू शकते.

पातळी एका घरातून दुसरीकडं न्यायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. पंधरा-वीस मीटरची पारदर्शक नळी आणि दोन माणसं. नळीत बुडबुडा राहिला की सगळं माप चुकतं, म्हणून आधी पूर्ण भरून घ्या आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समपातळीत येतं का ते पाहा. प्रत्येक टप्प्याला उलट जाऊन पुन्हा मोजा. सलग दहा टप्पे केलेत तर शेवटी दोन-तीन सेंटिमीटर चूक येणारच; तेवढी चालते. त्यापेक्षा जास्त आली तर कुणीतरी नळीवर पाय ठेवलेला असतो. शेवटी देवळाच्या दगडी जोत्यावर छिन्नीनं रेघ आणि साल कोरून घ्या. रंग दोन पावसाळ्यांत जातो, आणि गेलेली रेघ पुन्हा रंगवणारा अंदाजानंच रंगवतो.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना 'किती फूट होतं?' असं विचारू नका. फूट कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. 'म्हशी कुठं नेऊन बांधल्या होत्या?', 'चूल कुणाच्या सोप्यात पेटवली?', 'कितव्या पायरीवर बसून पाणी बघत होता?' असं विचारा. माणूस काय केलं ते विसरत नाही. साल पक्कं करायला खुंटी लागते: भूकंपाच्या आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर. तरीही एकाच्या सांगण्यावर जाऊ नका. दोन वेगळ्या भावक्यांतल्या, शक्यतो एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांचं सांगणं जुळलं, तर ते सोन्याच्या मोलाचं.

आणखी एक कागद हमखास पुढं येईल: मागच्या पुरांचे पंचनामे आणि अनुदानाच्या याद्या. तहसीलमध्ये मिळतात, उपयोगीही आहेत. पण ते लिहिले गेले मदत कुणाला मिळावी हे ठरवण्यासाठी, पाणी कुठवर आलं हे नोंदवण्यासाठी नव्हे. त्यात पाणी न लागलेली घरं असतात, आणि भाडेकरूंची, मळ्यातल्या वस्तीवरची, ऊसतोडीच्या पालांतली पाणी लागलेली घरं नसतात. कागद कुणी, कशासाठी लिहिला हे आधी पाहायचं आणि मग त्यातला मजकूर. इतिहासाच्या अभ्यासातली ही पहिली पायरी कारभारात जेवढी कामाला येते तेवढी दुसरी कुठलीच येत नाही.

खुणा झाल्यावरचा प्रश्न असतो, मधल्या काळात काय बदललं? 2005 चं पाणी जिथून वाहून गेलं तिथं आज रस्त्याचा भराव आहे का, ओढ्यात नळे किती व्यासाचे टाकलेत, कोणत्या ओढ्यावर प्लॉट पडलेत. यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा मूळ नकाशा काढा. जुन्या नकाशांवर अनेकदा 1 इंच म्हणजे 220 यार्ड असं प्रमाण असतं. झेरॉक्सवर पट्टी लावून मोजू नका, प्रत काढताना प्रमाण हलतं. नक्कल प्रमाणित आणि पूर्ण आकाराची घ्या. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीरस्ता, एक तुटक रेघ म्हणजे पायवाट. ओढे त्यावर स्पष्ट दिसतात. मग नकाशा हातात घेऊन ओढ्याच्या कडेनं चालत जा. ऑफिसात बसून तुलना केली तर दोन तास वाद होतो, चालत गेलं तर अर्ध्या तासात सगळं समोर येतं. जुन्या माणसांच्या तोंडी 'पांढर' आणि 'काळी' हे शब्द अजून आहेत. वस्तीची जमीन ती पांढर, कसायची ती काळी. पांढर बहुतेक उंचवट्यावर सापडेल. काळीत वाढलेल्या कॉलन्यांत पाणी आधी शिरतं, याचं नवल वाटायला नको.

जमिनीच्या बाबतीत मागचं न पाहिल्यानं फसलेली कामं तर पुरांपेक्षाही जास्त असतील. पाण्याची टाकी, अंगणवाडी, स्मशानशेड यांसाठी जागा ठरते, कुदळ पडते आणि आठवड्यात स्थगिती येते. सातबारा बघितलेला असतो, पण आजचाच. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागं मागं नेत सर्वांत जुन्या नोंदीपर्यंत जायला हवं. तीन ठिकाणी पाय अडकतो. पहिली जागा देवस्थान इनामाची, वर्ग 3 ची. ती हस्तांतरित होत नाही आणि पुजाऱ्यानं दिलेली संमती कामाची नाही. दुसरी वतनाची. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगार वतनं संपली आणि जमिनी परत दिल्या गेल्या त्या भोगवटादार वर्ग 2 म्हणून, परवानगीच्या अटीवर. ती अट चाळीस वर्षांपूर्वी मोडून झालेला व्यवहार आज तुमच्या टाकीखाली निघू शकतो. तिसरी जागा सगळ्यात फसवी: शाळेला, चावडीला, तालमीला पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी मोठ्या मनानं तोंडी दिलेली. गावाला ती गावचीच वाटते, पण फेरफार झालेला नसतो आणि देणाऱ्याची नातवंडं आता पुण्यात असतात. अशा जागांची यादी करून त्या कुटुंबांशी आत्ताच, काम नसताना, बोला. काम निघाल्यावर बोललात तर भाव बदलतो.

मापांचंही सांभाळा. जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत, आजच्या हेक्टर-आरमध्ये. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, आर सुमारे 1,076 चा. फरक किरकोळ वाटतो; पण 12 एकर गायरान म्हणजे 480 गुंठे, म्हणजेच साधारण 485.6 आर. कुणी 480 गुंठ्यांचे सरळ 480 आर लिहिले की सहा हजार चौरस फूट गायरान कागदावरून गायब. हे मुद्दाम केलं असेलच असं नाही, पण शेजारच्या बांधाला ते बरोबर समजलेलं असतं.

कागद शोधताना जिल्ह्याचं नाव ध्यानात ठेवा. 1949 पर्यंत तुमचा तालुका सातारा जिल्ह्यात होता. मग 'दक्षिण सातारा' असा वेगळा जिल्हा झाला, आणि 'सांगली' हे नाव 1960 सालचं. जुन्या सूचीत सांगली जिल्हा शोधून 'काही नाही' म्हणून परत येणारे पुष्कळ. संस्थानी गावांची तर तऱ्हाच वेगळी. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं 1948 मध्ये विलीन झाली, त्याआधीचा त्यांचा कारभार ज्याच्या त्याच्या दप्तरी. शेजारशेजारच्या दोन गावांचे जुने कागद दोन वेगळ्या राज्यांत लिहिलेले असू शकतात.

यात्रेच्या मानपानाचा, पालखीच्या वाटेचा, पाटाच्या पाण्याच्या पाळीचा वाद निघाला की कुणीतरी मोडीतला कागद घेऊन येतो. तो वाचून घ्या, पण आधी सालाचा हिशेब करा. शकात 78 मिळवले की इसवी सन (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79). फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, 590 किंवा 591. मराठी दप्तरातला सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो: 'समान खमसैन मया व अलफ' म्हणजे 8, 50, 100 आणि 1000, एकूण 1158. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि नंतर 600 मिळवायचे, म्हणजे 1757-58. हे वर्ष मृगाला सुरू होतं, हे विसरलं की एका वर्षाची चूक होते. आणि तेवढ्यानं कागद ज्याच्या नावाचा त्याच्या हयातीबाहेर जातो, समोरचा 'बनावट' म्हणून ओरडतो. मोडी वाचणारा वादातल्या कुठल्याच बाजूचा नसावा. शक्य तर दोघांकडून स्वतंत्र वाचून घ्यावं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहितात, त्यामुळं नावं आणि गावं वाचताना खरोखर मतभेद होतात. अशा वेळी 'अमुक शब्द संदिग्ध' असं लिहून घेणं हाच प्रामाणिकपणा.

आता भाषणातल्या इतिहासाबद्दल. त्याचा कारभाराला उपयोग नाही असं नव्हे, पण लोक त्यातला चुकीचा भाग उचलतात. निवडणूक हरली की 'पानिपत', पक्ष बदलला की 'गनिमी कावा'. प्रतापगड आपल्याच मुलखातला. 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा ती खरी कोणती यावरच सगळी चर्चा झाली. भेट झाली 10 नोव्हेंबर 1659 ला. जावळी घेतली होती 1656 मध्ये, आणि त्यानंतर भोरप्याच्या डोंगरावर किल्ला उभा केला. म्हणजे खान येण्याआधी तीन वर्षं ते खोरं हाताखाली होतं: वाटा, पाणी, दाणागोटा, कुठल्या रानात किती माणूस लपतो, सगळं. जनता टाळ्या वाजवते वाघनखांना. कारभाऱ्यानं पाहावी ती जावळी.

दुसरा नमुना प्रतिसरकारचा, कारण तुमच्या भागात तो हमखास निघतो. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंडल आणि आसपासच्या गावांतून समांतर कारभार चालवला. गावातले खटले गावातच, चार लोकांसमोर मिटवले, निकाल अंमलात आणला. म्हणून आजही तंट्याच्या बैठकीत कुणीतरी म्हणतो, 'तसंच करू, वाळीत टाकू, दंड करू.' इथं सरपंचानं तिथल्या तिथं थांबवावं. तेव्हा परक्या सरकारचं कोर्ट लोकांनी नाकारलं होतं, म्हणून गावचा निकाल चालला. आज कोर्ट आपलं आहे, त्यावर अपील आहे, आणि सामाजिक बहिष्कार घालणं महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही तुमची असते. जुन्या उदाहरणातून घ्यायचं ते एवढंच: निकाल लवकर आणि सगळ्यांसमोर. शिक्षेची पद्धत तिथंच ठेवायची.

कुठलंही जुनं उदाहरण पुढं आलं की माझ्या मते तीन गोष्टी विचाराव्यात. तेव्हा निर्णय कुणी घेतला, कशामुळं घेतला आणि त्या वेळच्या कोणत्या अटी आज उरलेल्या नाहीत. तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल तर ते उदाहरण बाजूला ठेवा, कितीही मोठ्या माणसाचं असलं तरी. जुन्या तक्रारींनाही हेच लागू आहे. कोयना धरणानं उठलेल्या माणसांचा प्रश्न अजून का निघतो, याचं उत्तर तारखेत आहे: धरणाचं पाणी साठवायला लागलं साठच्या दशकात, आणि राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा 1976 चा. हे ठाऊक नसलेला पुढारी त्यांना 'किती वर्षं तेच तेच' म्हणून बसतो आणि सभा तिथंच संपते.

वेळ किती द्यायचा? पहिल्या महिन्यात ग्रामसभेची मागच्या दहा वर्षांची इतिवृत्तं वाचा, रोज एक तास. पुष्कळ ठराव 'सर्वानुमते मंजूर' एवढ्यावर संपलेले असतील. गणसंख्या, म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100 यांपैकी जी कमी ती, भरली होती की सभा तहकूब होऊन नंतर घेतली, तेही पाहा. तहकूब सभेतले ठराव गावाला माहीतच नसण्याची शक्यता जास्त. तेच काम तीनदा मंजूर होऊन तीनदा राहिलं असेल, तर ते चौथ्यांदा मांडण्याआधी का राहिलं ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नाही, तेव्हाच्या सदस्यांना विचारा. विरोधी गटातल्या माजी सरपंचाकडं चहाला जाण्याची सर्वांत सोयीची सबब हीच.

आणि तुमच्या कारकिर्दीतले ठराव लिहिताना कारण लिहा. 'दक्षिणेच्या ओढ्यावर 900 मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांची मोरी मंजूर' एवढं पुरेसं नाही. त्याखाली दोन ओळी: 'एका नळीचा प्रस्ताव होता, 2019 च्या पुरात पाणी शाळेच्या पहिल्या खोलीत आलं, खूण देवळाच्या जोत्यावर कोरली आहे, म्हणून दोन नळ्या. वरच्या अंगाला प्लॉट पडल्यास हा हिशेब पुन्हा करावा.'